फुगवट्याची डबाभर माती

आमचं घर एका खोलीचं, आणि त्यातली निम्मी जागा सुताची. अप्पा गल्लीत सूत ताणून त्याला खळ (कांजी) लावायचे, आई दारात बसून मागासाठी कांड्या (सुताच्या नळ्या) भरायची. आभाळ आलं की सूत वाळायचं नाही, आणि सूत वाळलं नाही की ताटात नुसती भाकरी यायची. या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते. का मिरवू नये?

पण एम.एस्सी.चा प्रयोग दोनदा फसला होता. पृथ्वीवर जीव कसा आला, हे कुणी पाहिलेलं नाही. काही शास्त्रज्ञ खोल समुद्रातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे बोट दाखवतात, काही भरणाऱ्या-आटणाऱ्या डबक्यांच्या काठाकडे. तिथल्या चिकणमातीवर सुटे कण एकमेकांना जोडले गेले असतील, असं त्यांना वाटतं. मला फक्त ग्लायसिनचे, म्हणजे प्रथिनांतल्या सगळ्यात साध्या विटेचे, दोन कण जोडून दाखवायचे होते. विकतच्या मातीवर ते जमेना. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आता शेवटची संधी. नाहीतर वर्ष गेलं."

म्हणून खऱ्या काठाची माती आणायला सकाळच्या गाडीनं जेऊरला उतरले आणि जीपनं उजनीच्या फुगवट्यावर (धरणामागं पसरलेलं पाणी) पोचले.

उन्हाळ्यानं पाणी मागं सरकलं होतं. काठावर ओल्या-सुक्या मातीची वलयं, एकामागं एक. लांब पाण्यात रोहित पक्षी उभे, गुलाबी धुरासारखे. वारा नव्हता, आवाज नव्हता. वाटलं, जगात अजून कुणीच जन्मलेलं नाही आणि मी जरा लवकर येऊन थांबले आहे.

त्याच तंद्रीत पुढं गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले.

"हलू नगंस, बाय! हात दे." मासे वाळत घालणाऱ्या एका मावशींनी मला ओढून काढलं. चप्पल आतच राहिली. सोलापूरहून माती न्यायला आले म्हणताच माझ्या हातातला स्टीलचा डबा बघून त्या हसायला लागल्या.

"माती न्यायला सोलापूरहून आलीस? तिकडली संपली व्हय?"

मग सावलीत बसवून त्यांनी भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण वाढलं. जेवता जेवता मी सगळं सांगितलं.

"वाळवतीस कितींदा?"

"एकदाच. ओव्हनमध्ये."

"मग कसं जमंल? नवी चूल एकदम वाळवली की तडकती. पोतारा (ओल्या मातीचा हात) फिरवायचा, वाळू द्यायचा, परत फिरवायचा. ह्ये पाणी बी दरसाल त्येच करतंय की."

मला एकदम अप्पा दिसले. सूत भिजवणं, वाळवणं, पुन्हा भिजवणं. माझ्या दारातलंच होतं ते सगळं.

मांडीवर मातीनं भरलेला डबा घेऊन अनवाणी परतले. जुनं जिवंत काही राहू नये म्हणून माती भाजली. मग तिच्यात ग्लायसिन घालून भिजवली, वाळवली, भिजवली, वाळवली. पंधरा दिवस तेच.

शेवटी तपासणीच्या कागदावर ग्लायसिनच्या जांभळ्या ठिपक्याशेजारी दुसरा, फिकट ठिपका उमटला, जोडलेल्या कणांचा. ग्लायसिन न घातलेल्या नुसत्या मातीच्या कागदावर काही नव्हतं, म्हणजे तो मातीतून आलेला नव्हता.

अप्पांनी विचारलं, "मग जीव झाला का त्यात?"

"नाही अप्पा. दोन कण जोडले गेले."

"मग लई झालं की."

त्या वर्षी मी एम.एस्सी. झाले.