गादीतला लाल दोरा

आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. मी बोथच्या शाळेत मास्तर होतो. बाजाराच्या कडेला एका पिंजाऱ्याचं दुकान होतं. त्याच्याबद्दल मी गावात एक खोटी गोष्ट पसरवली. पसरवताना मला ती खरीच वाटत होती, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. पण खोटी आहे हे कळल्यावरही मी गप्प राहिलो, त्याला काय म्हणायचं?

उन्हाळ्यात हा पिंजारी घरोघर जायचा, अंगणात बसून कापूस पिंजायचा आणि लोकांच्या डोळ्यांदेखत गादी भरायचा. त्या वर्षी आमच्या घराचं काम चालू होतं, अंगणात वाळूचा ढीग. म्हणून मेव्हण्याने शेतातला दिलेला, सरकी काढलेला कापूस मी त्याच्या दुकानी पोचवायचं ठरवलं. चहाच्या हॉटेलात एकजण म्हणाला, "गुरुजी, दुकानात देऊन राह्यले? चांगला कापूस ठेवून घेते तो, अन् गिरणीतला कचरा भरते."

संशय घ्यायला मला तेवढं पुरलं. मास्तर माणूस, परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडेना. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा घेतला, त्याचे बोटबोटभर तुकडे केले आणि पोत्यातल्या कापसात खोलवर, ठिकठिकाणी कोंबले. गादी घरी आली तशी ब्लेडने तिची एक बाजू उसवली.

"काऊन उसवून राह्यले तुमी नवी गादी?" बायको ओरडली. "ढेकूण शोधता का?"

मी कोपरापर्यंत हात घालून कापूस उपसला. पांढराशुभ्र, हलका. दोऱ्याचा एकही तुकडा नाही. म्हणजे कापूस बदलला! त्याच संध्याकाळी हॉटेलात मी सगळ्यांना सांगितलं. मास्तरने स्वतः तपासलंय म्हटल्यावर कुणी काही विचारलं नाही.

लग्नसराई तोंडावर होती. लोक नेरडीगोंड्याला हायवेवरच्या नव्या दुकानातून तयार गाद्या आणू लागले. वर प्लॅस्टिक, फुलाफुलांचं कापड, दुकानावर तेलुगूत भलीमोठी पाटी. आत काय भरलंय, हे तिथे कुणी तपासलं नाही. मीसुद्धा नाही.

लग्नसराई संपता संपता पिंजाऱ्याने मला रस्त्यातून हाक मारली. दुकानात कापसाचा कण नव्हता. पिंजायची धनुकली भिंतीला टांगलेली. खिळ्याला अडकवलेली एक छोटी गुंडी काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. तुकड्याला तुकडा गाठवून गुंडाळलेला लाल दोरा.

"तुमच्या कापसात निंघाला, मास्तरसाब. धनुकलीच्या तांतीत गुतते दोरा, म्हून पिंजायच्या आधी येकयेक येचून काढा लागते. घरवालीनं गाठी मारून ठेवला. चांगला दोरा हाय, फेकाव काऊन?" मग म्हणाला, "या साली लोक येऊनच नाही राह्यले. तुमच्या कानावर आलं का काई?"

"नाही," मी म्हणालो.

त्याला ठाऊक होतं का? मला आजही संशय आहे. कदाचित कबुली द्यायची संधीच तो देत होता. कदाचित खरंच विचारत होता. मी गुंडी खिशात घालून घरी आलो. तोवर नुसतीच टाचून ठेवलेली गादीची बाजू बायकोने त्याच दोऱ्याने शिवली. कुठून आणला म्हणून विचारलं, तर "बाजारातून" म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या दुकानाला कुलूप होतं. आदिलाबादच्या जिनिंगमध्ये हमाली करतो, असं ऐकलं. वर्षभरात शेजाऱ्यांची हायवेवरची गादी फाटली, तर आतून चिंध्या निघाल्या. त्यांनी हसतच त्या परत कोंबल्या. "आता येवढ्या दूर कोन भांडाले जाते?" आमचा पिंजारी दहा पावलांवर होता. बोलावलं तर आमच्या अंगणात बसून काम करत होता. पाळत मात्र आम्ही त्याच्यावरच ठेवली. आता दबलेली गादी पिंजून द्यायलाही गावात कुणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी त्या हॉटेलात गेलो. तेव्हाच्या मंडळींपैकी एकच जण आता उरला आहे. त्याला दोऱ्याचं, गुंडीचं, सगळं सांगितलं. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला.

"दोऱ्याचं तर आमाले काई याद नाही, गुरुजी. तो पिंजारी चोर व्हता, येवढं याद हाय."

"चोर नव्हता. तेच तर सांगून राह्यलो."

"बरं बाप्पा, नसंन," म्हणत त्याने दोन चहा सांगितले. त्याचा विश्वास बसला नव्हता. माझ्या तेव्हाच्या बोलण्यावर मात्र चहा संपायच्या आत विश्वास बसला होता.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. ती गादी अजून माझ्या खाटेवर आहे, एका बाजूला लाल शिवण. तिच्यातला कापूस आमचाच आहे.