उत्तर न मागणारे प्रश्न

लेलेसरांच्या इंग्रजीच्या वर्गातले आम्ही कधी भेटलो, की पहिला चहा हमखास गार होतो. एकाने किस्सा सांगावा, तर दुसरा म्हणतो, "अरे थांब, हा तर काहीच नाही!" मग गरम चहा पुन्हा मागवायचा आणि तोही गार करायचा.

आमची शाळा कोपरीत, भाताच्या जुन्या गोदामात. वर पत्रे, बसायला बाकं कमी आणि इंग्रजी थेट आठवीपासून. वर्ग दहावीपर्यंतच. अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, मुलगे रूळ ओलांडून ठाण्यातल्या शाळेत जायचे. मुली घरी बसायच्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या यमुना पाटीलला तिच्या बापाने आधीच बजावलं होतं, "हितंच अकरावी निंगाली तं शिक. नाय तं मिठागराव चल."

अकरावीच्या सरकारी परवानगीचा अर्ज गेलेला होता. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार होते.

*

एके दिवशी सर म्हणाले, "इंग्रजीत काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच. आपल्याकडेही असतात की! आई म्हणते, 'मी काय दिवसभर चुलीपुढेच बसू?' तेव्हा तुम्ही 'हो, बस' म्हणता का?"

यमुना उभी राहिली. "येकदा बोललेली, सर. त्या दिशी जेवाला नाय मिलला!"

सर इतके हसले की तास तिथेच संपला.

*

दुसऱ्या दिवशी सरांनी इंग्रजीत विचारलं, "पुस्तक कोणी कोणी आणलं नाही?" सगळा वर्ग शांत. निम्म्यांकडे पुस्तक नव्हतं, पण चेहरे कसे अगदी समाधानी!

शेवटी एकाने भीतभीत विचारलं, "सर, हा उत्तराचा होता, का तसला?"

मग सरांनी युक्ती काढली. उत्तर हवं असेल तर टेबलावर डस्टर आपटायचं. नाही आपटलं, तर आम्ही फक्त ऐकायचं.

*

ही युक्ती मुख्याध्यापकांना कोण सांगणार? सर रजेवर होते, म्हणून ते स्वतः तासावर आले. "व्हॉट इज युवर नेम?" पहिला मुलगा गप्प. दुसरा गप्प. डस्टर आपलं खिडकीत पडलेलं!

"असल्या वर्गाला मॅट्रिकला बसवायचं?" ते कडाडले.

हा प्रश्न मात्र आम्ही अचूक ओळखला आणि अदबीने गप्प बसलो.

*

घरोघरी आमचं इंग्रजी सुरू झालं. आईने घासलेट आणायला सांगितलं, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "ॲम आय अ सर्व्हंट?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. गोऱ्या साहेबांच्या हाताखाली काम केलेला माणूस! वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "अँड हू पेज युवर फी?"

मी बाटली उचलली. पण खरं सांगते, वाटेत मला त्यांचा भारी अभिमान वाटत होता.

*

आणि मग साहेब आले. सुटाबुटातले, कडक. पत्र्यांकडे पाहिलं, पोत्यांवर बसलेल्या मुलांकडे पाहिलं, आणि वळून सरांना म्हणाले, "इज धिस अ स्कूल?"

लेलेसरांची मान खाली गेली. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

शेजारी खडखड झाली. यमुना उभी! कोणी उठवलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. परकर मुठीत घट्ट धरलेला, पण आवाज खणखणीत.

"आर वी नॉट लर्निंग, सर?"

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. साहेब सावकाश तिच्यासमोर आले.

"विच स्टँडर्ड?"

"टेंथ, सर."

"अँड व्हेअर विल यू बी नेक्स्ट इयर?"

यमुनेच्या डोळ्यांपुढे मिठागर आलं असणारच. पण तिने नजर हटवली नाही.

"हू नोज दॅट बेटर दॅन यू, सर?"

साहेब मुख्याध्यापकांकडे वळले आणि चक्क मराठीत म्हणाले, "जूनपासून अकरावी सुरू करा. कागद मी पाठवतो."