दुकानाचं शटर सासऱ्यांच्या फोनात

मसाल्याचा धंदा माझा. पनवेलच्या बाजारात मिरच्या मी पारखते, कांडपाच्या गिरणीत नाकाला पदर लावून मी उभी राहते. पण ऑनलाइन दुकानाचं महिन्याचं भाडं मात्र सासऱ्यांच्या कार्डावरून कापलं जायचं. कामोठे गावातल्या आमच्या घरची रीतच तशी. पैसा कुणीही कमवा, बाहेर जायचा तो म्हाताऱ्याच्या हातूनच. नवरा म्हणायचा, "राहू दे गं, त्यांना बरं वाटतं." त्यांना बरं वाटावं म्हणून या घरात काय काय चालतं, ते लिहायला बसले तर जन्म पुरायचा नाही.

होळी झाली, वर्षाच्या मसाल्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या, आणि नेमकं दुकान बंद पडलं. ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ते चालतं तिचा ईमेल आला, पेमेंट फेल. वर, 'आम्हाला तुमची काळजी आहे.' डोंबलाची काळजी. मदतीला फोन नाही, माणूस नाही, नुसतं एक यंत्र तेच तेच विचारत बसलेलं. बँकवाले म्हणे खात्यात पैसे भरपूर आहेत. मग घोडं अडलं कुठे? नवऱ्याला मध्ये घालून, सासऱ्यांकडून ओटीपी काढून, मी दुकान कसंबसं सुरू केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. नेहमीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "धंदा गुंडाळलात का हो?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग एका संध्याकाळी सासरे ओटीवर मित्रांना सांगताना ऐकलं. "चोरांचा मेसेज येतो. उद्या पैसे कापनार, नको असंल तर हितं दाबा. आमी लगेच दाबतो. आमाला कोन फसवनार?"

पैसे कापायच्या आदल्या दिवशी बँक जो मेसेज पाठवते, तोच हा. जमिनीच्या व्यवहारात भल्याभल्या बिल्डरांना पाणी पाजणारा माणूस, आणि सुनेच्या दुकानाला चोर समजून हाकलत होता. मला हसू आवरेना. मित्र गेल्यावर शेजारी बसून सगळं समजावलं. हा चोर नाही, आपल्या मसाल्याच्या दुकानाचं भाडं आहे. इथे दाबलं की दुकान बंद. "समजला," म्हणाले.

पुढचा मेसेज आला तेव्हा मी चहा घेऊन समोरच उभी होते. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, आणि पुन्हा तेच दाबलं.

"बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "बास झाला आता. घरात काय कमी हाय तुला?"

नवरा पेपरातून मान वर काढेना. त्याचा मला जास्त संताप आला. चहा तिथेच ठेवला, चपला घातल्या आणि स्वतःच्या नावाचं खातं काढायला बँकेत गेले.

काउंटरवरच्या बाईने वर न बघताच विचारलं, "व्यवसाय? गृहिणी ना?"

"दुकानदार," मी म्हटलं. "लिहा."