उशीखालची टोपी
शहाद्याच्या बाजारात खळ दिलेल्या पांढऱ्या टोप्यांचा वास आला, की मला ब्राह्मणपुरीचे ते आबा आठवतात. अंथरुणाला खिळलेले, आणि मुलगा-सून शेतात गेले की घरात एकटे. आमच्या संस्थेची नर्सताई रोज त्यांची जखम धुवायला जायची. निघताना तिने रुग्णासोबत फोटो काढून अ‍ॅपवर टाकला, तरच भेट संपल्याची नोंद व्हायची, आणि त्या नोंदी तपासणं माझं काम होतं. या घरची भेट रोज लांबायची, पुढचे रुग्ण ताटकळायचे, म्हणून एकदा मीच तिच्याबरोबर गेले. अंगणात मिरच्या वाळत होत्या, त्यांचा खकाणा पार खोलीत येत होता. मलमपट्टी झाली, ताईने मोबाइल काढला, तसे आबा म्हणाले, "टोपीबिगर फोटू नही काढाना, माय. दख बरं, मन्ही टोपी कोठे गई. काय घाई शे तुले?" ताई रोजच्यासारखी शोधत राहिली, आबा तिला व्यायला झालेल्या म्हशीचं सांगत राहिले. मी सहज उशी सारखी करायला गेले, तर टोपी तिच्याखाली! आबा ओशाळून हसले. मी ऑफिसात आले आणि फोटोची अटच काढून टाकली. दाराला कोड चिकटवला, जाताना स्कॅन केला की भेट संपली. सगळं वेळेत होऊ लागलं, मी खूश. मग एकदा ताई म्हणाली, "मॅडम, आबा आते मी येवाना आगोदरच टोपी घालीसन बठेल ऱ्हातस." फोटो तर आता कुणालाच नको होता. अजूनही या टोप्यांपुढे उभी राहिले की वाटतं, त्या उशीला मी हात लावायला नको होता.