ओबोन सरला तरी

व्हिडिओ गेमचा चांगला कंट्रोलर कसा ओळखायचा असं गिऱ्हाइकाने विचारलं, की किनुए ओरिहारा आधी तो कानाशी धरून हलवायची. आत काही खुळखुळलं की तोंड वाकडं. मग डोळे मिटून तो दोन्ही हातांत घ्यायची. अंगठ्याला बटण शोधावं लागलं तर बनवणाऱ्याने स्वतः कधी जीव लावून खेळून पाहिलेलं नाही, असं तिचं ठाम मत होतं. आणि जो कंट्रोलर स्क्रू काढून उघडता येत नाही, नुसता चिकटवलेला असतो, त्याला ती वस्तूच मानत नसे.

हे तिच्या रक्तातच होतं. वडील साकाईला सुऱ्यांना लाकडी मुठी बसवायचे. मूठ तळव्यात भरली पाहिजे, बोटांवर लटकता कामा नये, आणि हात दुखला नाही की माणूस मूठ विसरतो, हे तिने लहानपणीच ऐकलं होतं. पुढे लग्न झालं, मोडलं, पदरात मुलगा घेऊन ती ओसाकाला आली आणि निप्पोनबाशीतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात लागली. वरच्या मजल्यावर आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी तोयोमी. माझा भुताखेतांवर विश्वास नाही आणि गिऱ्हाइकांवर तर त्याहून नाही. "एकदाही पडला नाही हो," म्हणून शपथा घेणाऱ्यांच्या कंट्रोलरमधून मी वाळलेले नूडल काढलेत.

आमच्याकडे येणारं निम्मं दुखणं एकच. अंगठ्याखाली जी गोल स्टिक असते, तिच्या पोटात काळ्या लेपाची पातळ पट्टी असते. खेळताना त्या पट्टीवर एक बारीक पातं घासत राहतं. लेप झिजला किंवा धूळ बसली, की कोणी हात न लावता पडद्यावरचा माणूस आपला आपण एका बाजूला चालायला लागतो. कंपन्या बाहेरच्या रबरावर, रंगावर, वळणांवर जीव टाकतात, आणि कंट्रोलरचं आयुष्य ठरतं ते त्या न दिसणाऱ्या पट्टीवर. किनुए याच्यावरून रोज चिडायची. मी म्हणायचे, अगं, पट्टी टिकली तर आपण खाणार काय.

तिचा मुलगा कात्सुया घरोघरी जेवण पोचवायचा. वसंतात, पाऊस पडून गेलेल्या रस्त्यावर त्याची मोपेड घसरली. किनुए रडली नाही. सुतक संपल्यावर कामावर आली, माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला आणि बसली. आम्ही सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागलो, तर म्हणाली, मी आजारी नाहीये.

ऑगस्टमध्ये ओबोन आला, गेलेली माणसं काही दिवस घरी येऊन परत जातात तो सण. माणूस गेल्यानंतरचा पहिला ओबोन म्हणजे त्याला घराची वाट नीट दाखवावी लागते. किनुएने दाराशी पांढरा कंदील टांगला. देव्हाऱ्यापुढे भात, कलिंगड, त्याच्या आवडीचा करी-पाव ठेवला, आणि मधोमध त्याचा कंट्रोलर. टीव्ही देव्हाऱ्याकडे वळवून खेळ लावून ठेवला, त्याने जिथे सोडला होता तिथून. पडद्यावर दगडी भिंतीसमोर काठी घेतलेला एक वाटसरू उभा.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज एकदम पोरीसारखा. "तोयो-चान, तो चालतोय गं."

मी गेले. कंट्रोलरला कोणी हात लावत नव्हतं आणि वाटसरू खरंच चालत होता. समोर भिंत, पुढे जायला जागा नाही, तरी पाय हलतायत, कपाळ भिंतीला लागलेलं. शेजारी मूठभर उदबत्त्या जळत होत्या आणि राख कंट्रोलरवर गळत होती. याच गोष्टीसाठी किनुए गिऱ्हाइकांना फाडून खायची. राख आत गेलीये, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती पडद्याशी बोलत होती, दमलास का, पाव खाल्लास का, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा तिचा वाटत होता. मी तिने वाढलेल्या शेवया खाल्ल्या. पडद्याकडे पाठ करून बसले होते, तरी मागून कोणीतरी बघतंय असं वाटत राहिलं.

निरोपाच्या दिवशी तिने दाराशी तागाच्या काड्या पेटवल्या, धुराला वाकून नमस्कार केला, कंदील उतरवला. गल्लीत सगळ्यांनीच आपापले निरोपाचे जाळ केले होते. ती आत आली. वाटसरू चालतच होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढेही तेच. किनुए कामावर आली नाही, आणि आली तेव्हा कापडात बांधून खेळाचं यंत्र आणि कंट्रोलर घेऊन आली. चेहरा उतरलेला. सगळ्यांची माणसं परत गेली आणि माझं राहिलं, असं ती म्हणाली. त्याला वाट सापडत नाहीये. दिवसभर भिंतीवर डोकं आपटतोय. मी झोपले तरी पायांचा आवाज येतो.

मी म्हटलं, राख गेली असेल आत, उघड आणि बघ. तू तर डोळे मिटून उघडशील.

"मी नाही उघडणार," ती म्हणाली. "मी उघडला आणि तो थांबला, तर मीच त्याला घरातून हाकलल्यासारखं होईल. आईने कसं हाकलायचं? तू उघड."

मी यंत्र बाकावरच्या पडद्याला जोडलं. वाटसरू चालत होता. मग कंट्रोलर सोडवून घेतला. स्टिकच्या रबराच्या टोपीवर कात्सुयाच्या अंगठ्याने झिजून खळगा पडला होता, आणि माझा अंगठा त्यात जाऊन बसला. मला तो पटकन काढावासा वाटला. स्क्रू काढले, स्टिक सोडवली, पट्टी भिंगाखाली धरली.

पट्टी कोरी होती. लेप शाबूत, राखेचा कण नाही, पातं सरळ. हिवाळ्यात किनुएनेच ती बदलून दिली होती, मला आता आठवलं. मी पुन्हा पाहिलं. खालच्या दुकानातून कुठल्यातरी खेळाचं संगीत वाजत होतं, आणि भर उन्हाळ्यात माझे दंड थंड पडले.

माझ्या लक्षात आलं, की ही आता विचारणार, आणि दोन्ही उत्तरं वाईट आहेत. राख होती म्हणावं, तर तो आलाच नव्हता, आणि तिने एवढे दिवस धुळीशी गप्पा मारल्या. नव्हती म्हणावं, तर तो खरंच अडकला होता. मी नवी स्टिक बसवली, स्क्रू आवळले, कंट्रोलर जोडला. वाटसरू भिंतीसमोर उभा राहिला. पाय हलले नाहीत.

किनुए पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"राख होती?"

दुरुस्तीबद्दल मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. "नाही. पट्टी कोरी होती."

"म्हणजे तो होता."

"होता."

"आणि आता?"

"आता नाहीये."

तिने पडद्यावर हात टेकवला, वाटसरूच्या पाठीवर, आणि ती रडायला लागली. वसंतापासून साठलेलं सगळं आलं. मी रुमाल शोधत राहिले, सापडला तो स्क्रू पुसायचा. तोच दिला.

"तोयो-चान," रडता रडता ती म्हणाली, "त्याला वाटलं नसेल ना, आईने हाकललं म्हणून?"

"तुझा काय संबंध?" मी म्हटलं. "स्क्रू मी काढले. काय राग धरायचाय तो माझ्यावर धरेल."