आत हात जाता कामा नये

बातमी आली तेव्हा मी बाभुळगावच्या बसस्थानकावर पत्रकं वाटत होते. मोबाइलवर समई, फुलं आणि खाली ओळ : ‘ममतामूर्ती हरपली’. फोटो नसता तर हे डॉ. सुलभा यांच्याबद्दल आहे हे मला कळलंच नसतं. ममतामूर्ती! माझ्या पहिल्याच पत्रकावर लाल पेनानं ‘बोंबलणं पुरे, माप कुठे?’ असं लिहिणारी बाई ममतामूर्ती?

मॅडम यवतमाळात हाताच्या सर्जन होत्या. सोयाबीन निघायला लागलं की थ्रेशरमध्ये, म्हणजे मळणीयंत्रात, सापडलेले हात त्यांच्याकडे यायचे, बहुतेक बायांचे. शिवून झालं की त्या विचारायच्या, “उभी कशावर होतीस?” पेशंट कण्हतेय, नवरा दाराशी रडतोय आणि यांचा प्रश्न हा! माझं डोकं फिरायचं. मी ‘खुनी यंत्र’ असं पत्रक लिहून नेलं, तर म्हणाल्या, “यंत्राच्या तोंडाची उंची लिहिलीस का? नाही ना? मग चल.” आणि मला खळ्याखळ्यांवर टेप धरायला नेलं. केळापूरपर्यंत फिरलो. सगळीकडे तेच... यंत्राचं तोंड पुरुषाच्या छातीशी येईल असं, म्हणून बाया दगडावर नाहीतर पोत्यावर चढून, आत वाकून पेंढ्या लोटणार. दगड हलला की हात आत. आणि गावभर बोभाटा काय, तर ‘बाईचं लक्ष नव्हतं’.

तो अभ्यास त्यांनी मोठ्या परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या, पण यंत्र बनवणारा एकही माणूस फिरकला नाही. तेव्हा मॅडमनी लोहाऱ्याला, औद्योगिक वसाहतीत, एक शेड घेतली आणि थ्रेशरच्या तोंडावर बसवायचं लांब, लोखंडी झाकण स्वतः करायला घेतलं: बोगद्यासारखं, पेंढी आत सरकेल पण हात पात्यांपर्यंत पोचणार नाही असं. कामाला कोण? ज्यांचे हात त्यांनी शिवले त्याच बाया. सुनंदाबाई त्यातली पहिली. ती हसत म्हणाली, “मले दोन बोटं नाई, मॅडम. मले वेल्डिंग कायले शिकवून राह्यल्या?”

“आठ आहेत ना? मग हस कमी आणि चष्मा लाव.”

अशी ममता!

झाकण तयार झालं की त्याची परीक्षा व्हायची. ऑपरेशनच्या रबरी हातमोज्यात ओला कापूस ठासायचा, तो बाईच्या हाताएवढ्या काठीला बांधायचा, थ्रेशर चालू करायचा आणि काठी झाकणातून खांद्यापर्यंत आत घालायची. मोजा अख्खा बाहेर आला तरच माल जाणार. सुरुवातीला ही काठी मॅडम धरायच्या. मग एक दिवस त्यांनी ती सुनंदाबाईच्या हातात दिली आणि ‘पास’च्या चिठ्ठीवर सही करायचं कामही दिलं. “उद्या मी नसले तरी हिचं ‘नाही’ म्हणजे नाही,” असं सगळ्यांसमोर बजावलं. पण कागदावर? कागदावर काही नाही. ज्या बाईनं दगडाची उंचीसुद्धा वहीत लिहिली, तिनं एवढी एक ओळ लिहिली नाही. स्वतःच्या पोटातली गाठही अशीच अंगावर काढली. पेशंटला उशिरा आल्याबद्दल झापायच्या आणि स्वतः... जाऊ द्या. मला अजून राग येतो.

शोकसभेत मंचावर सात पुरुष होते. वात्सल्य, त्याग, सेवा सगळं झालं. झाकणाचं नाव एकानंही काढलं नाही. सुनंदाबाई चपलांजवळ बसली होती. शेवटी जाहीर झालं की शेडचा कारभार मॅडमचा इंजिनिअर पुतण्या पाहील, कारण ‘शिकलेलं माणूस हवं’. मी उठून ओरडले, तर मला खाली बसवलं. सुनंदाबाई म्हणाली, “कायले वरडतं, पोरी? सोयाबीन निघू दे.”

गेल्या आठवड्यात या हंगामातला पहिला माल निघायचा होता. गाडी भरून उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पुतण्यानं चिठ्ठीवर सही करून ठेवलेली. सुनंदाबाईनं गाडीतून एक झाकण उतरवलं, थ्रेशरला बसवलं आणि काठी आत घातली. मोजा बाहेर आला तेव्हा अंगठ्याच्या जागी नुसता कापूस लोंबत होता.

पुतण्या म्हणाला, “मावशी, थोडंसंच फाटलंय. बाकीची बघा ना, ठीक असतील. लोक थांबलेत तिकडं.”

“थोडंसं?” तिनं मोजा त्याच्या हातात दिला. “अंगठा होता थो, भाऊ.”

शेडमधल्या सगळ्या बाया काम थांबवून बघत होत्या. पुतण्यानं तो ओला मोजा उलटून पाहिला. मग त्यानं आपली चिठ्ठी फाडली, गाडीवर चढला आणि एकेक झाकण खाली द्यायला लागला. त्याचं कौतुक मी करणार नाही. एवढं तर त्यानं करायलाच हवं होतं. सगळी झाकणं तपासून, दुरुस्त करून दोन दिवसांनी माल गेला. चिठ्ठीवर सही सुनंदाबाईची होती. ती कोणी तिला करायला सांगितली नव्हती, आणि कोणी अडवलीही नाही.