जवसाच्या तेलात अडकलेली काच

बाबांच्या बाजूची काच अर्ध्यावर येऊन थांबली की माझं डोकंच फिरायचं. राजुऱ्याच्या रस्त्यावर अर्धी उघडी काच म्हणजे कोळशाची सगळी धूळ गाडीत. बाबांचं आयुष्य खाणीत गेलेलं, छातीत कायमची घरघर. धूळ अजिबात चालणार नाही, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्याच डॉक्टरांकडे त्यांना न्यायचं, तर कोळशाच्या ट्रकांमागून! ट्रकवर ताडपत्री नावापुरती, एका कोपऱ्याला फडफडणारी. मी शिव्या घालत गाडी हाकायची आणि बाबा नाकाला रुमाल लावून बसायचे.

गॅरेजवाल्यानं बटण एकदा दाबलं आणि दार न उघडताच निकाल दिला. "मोटर गेली, ताई. बदलून टाका."

"गेली तर आवाज कायचा येऊन राह्यला?"

"तो जातानाचा आवाज हाय."

तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी तशीच घरी आणली आणि अंगणात स्वतःच बघायला बसले.

बटण दाबलं की मोटर घुं घुं करत होती, म्हणजे वीज पोचत होती. माझ्या बाजूच्या बटणानं चालवली तरी तीच तऱ्हा, म्हणजे दोष बटणाचा नव्हता. गाडीचे दिवे लावून पुन्हा दाबलं, तर ते जरा मंद झाले. मोटर जीव खाऊन ओढत होती आणि काच जागची हलत नव्हती. मग काच दोन्ही तळहातांत धरून वर रेटली, तेव्हा ती कण्हत कण्हत चढली. कसली मोटर गेली! काच ज्या रबराच्या खाचेतून सरकते, तिथंच काहीतरी अडत होतं.

खाचेत पेचकसाचं चपटं टोक फिरवलं. काळाकुट्ट चिकटा निघाला, करपलेल्या पाकासारखा. बोट नाकाशी नेलं. कोळशाची धूळ तर होतीच, पण वास आमच्या स्वयंपाकघरातला होता. जवसाचं तेल!

"बाबा, काचेत जवसाचं तेल तुमी टाकलं?"

बाबा ओसरीतल्या खाटेवर होते. "टाकलं. बैलबंडीच्या चाकाले टाकत होतो, मंग काचेले काऊन नाई?"

"अवो, ते वाळून चिकट होते! त्याच्यावर धूळ बसते!"

"काच घट्ट झाली का आणखी टाकतो ना मी."

म्हणजे अडली की तेल, तेलानं आणखी अडली की आणखी तेल. मी ओरडलेच, "बंद होत नाई म्हणून तेल टाकता, आन् तेलानंच बंद होऊन नाई राह्यली!"

"बंद होत नाई म्हणून नाई टाकलं," बाबा म्हणाले. "उघडत नाई म्हणून टाकलं. बंद काचेत मले खाली खाणीत उतरल्यासारखं वाटते."

मी साबणाचं पाणी घेतलं आणि चिंधीनं खाच घासत बसले. चिकटा निघता निघेना. राग मात्र हातात होता, त्यामुळं काम झालं. काच सरसर वर गेली, सरसर खाली आली.

पुढच्या तपासणीला निघालो, तेव्हा माझ्या बाजूचं काचांचं लॉक मी आधीच दाबून ठेवलं. ट्रकांची रांग लागली. बाबांनी बटण दाबलं. टिक. पुन्हा दाबलं. टिक.

"बिघडली काय वो पुन्हा?" बाबांनी विचारलं.

"नाई. मी लॉक केली."

त्यांनी बटणावरचं बोट काढलं नाही. कपाळावर घाम आला, छाती भराभर हलायला लागली. मला त्या ट्रकवाल्यांचा संताप आला, ताडपत्री न बांधणाऱ्यांचा आला, सगळ्यांचाच आला. यांची फुप्फुसं कोळशानं खाल्ली आणि आता यांचा वारा बंद करायचं काम माझ्या वाट्याला!

रांग पुढे गेल्यावर मी गाडी कडेला, झाडीजवळ घेतली आणि लॉक काढलं. बाबांनी काच पूर्ण खाली केली आणि तोंड बाहेर काढलं. झाडीतून मोहाच्या फुलांचा वास येत होता. त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला.

मागून येणारा ट्रक त्यांना आरशात माझ्याआधी दिसला. मी लॉककडे हात नेला, त्याआधी त्यांनीच बटण दाबलं. काच कुठंही न अडता वर गेली आणि बाबांनी डोळे मिटून घेतले.